खटावकर आडवी रेघ येळवंडे

माझं पूर्ण नाव रंगराव सयाजी खटावकर-येळवंडे असं आहे. ते न थांबता, न विचारता लिहून घेणारा कारकून मला अजून भेटायचा आहे, आणि मी स्वतःच कारकून आहे. खटावकर आणि येळवंडे यांच्यामध्ये जी आडवी रेघ आहे तिची लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. पण त्या रेघेपायी पिंपरीच्या एका कारखान्याची हजेरी आठवडाभर चुकली, माझी मिशी गेली आणि आमचे दत्तोबाकाका चिंचवडच्या भर बाजारात गळा काढून रडले. लोक विचारतात, "रंगराव, हे सुचलं तरी कसं?" मी सांगतो, सुचलं नाही, बोलून गेलो.

बोलून गेलो तो सन पंचावन्नच्या माघात, मोशीला मुलगी पाहायला गेलो तेव्हा. मी मूळचा खटावचा, पिंपरीतल्या पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून. चिंचवडला छबूबाईंच्या चाळीत एक खोली घेऊन राहत होतो. या छबूबाईंचं माहेर मोशी. भाडेकरू अविवाहित असला की नळाजवळ बायका अवघडतात, या कारणासाठी त्यांनी माझं लग्न मनावर घेतलं होतं. मुलगी सोपानराव येळवंड्यांची. एकुलती एक, फायनल पास, भोसरीच्या शाळेत मास्तरीण. नाव इंदू.

खटावहून दत्तोबाकाकांनी मुलीला विचारायचे प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवले होते. एकूण अकरा. भाकरी येते का, दात दाखव, चालून दाखव, वगैरे. वडील गेल्यापासून काकांचा शब्द आमच्या घरी शेवटचा असतो, म्हणून कार्ड खिशात होतं. पण समोर मास्तरीणबाई बसल्यावर त्यांना दात दाखवा म्हणायची माझी छाती झाली नाही. मी कारखान्यात डबे कसे करतात ते सांगत बसलो. पत्रा कापण्यापासून सुरुवात करून झाकणापर्यंत आलो, तेव्हा मुलीनेच विचारलं,

"मी एक विचारू का?"

सोपानराव दाराशी उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "इंदे, पावन्यास्नी काय इचारायचं नसतंय."

"लग्नानंतर माझं आडनाव काय राहील?" तिने विचारलं.

"खटावकर," मी म्हणालो. हा काय प्रश्न झाला!

"आणि येळवंडे?"

मी खिशातलं कार्ड चाचपलं. तीच पुढे बोलली. "वडिलांना मुलगा नाही. मला शाळेत घातलं तेव्हा भावकी हसली. म्हणाली, पोरगी शिकून नाव कुणाचं काढणार? ज्याच्या घरी जाईल त्याचं. तेव्हापासून मी ठरवलंय की मी दोन्ही आडनावं लावणार. तुमचं आधी, आमचं नंतर. मध्ये एक रेघ. चालत असेल तरच बोलणी करा."

सोपानरावांनी मान खाली घातली आणि अंगठ्याने जमीन उकरायला लागले. "पोरगी डोक्यात राख घालून घेतीया," ते पुटपुटले. "तुमी मनावर नका घेऊ, पावनं."

आता माणसाने अशा वेळी विचार करावा, दोन दिवसांची मुदत मागावी. पण ती माझ्याकडे सरळ पाहत होती, आणि आजवर माझ्याकडे असं सरळ कुणी पाहिलं नव्हतं. आमचे हेडक्लार्कसुद्धा बोलताना माझ्या खांद्यावरून घड्याळाकडे पाहतात. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "तुम्ही एकट्यांनीच का? दोन्ही नावं मीही लावीन."

परत येताना बैलगाडीत छबूबाईंनी मोशीच्या वेशीपर्यंत सुपारी चघळली. मग म्हणाल्या, "बाप्प्यामाणसानं बायकूचं आडनाव लावायचं? मंगळसूत्र पन तुमीच घाला मग. तिला टोपी घेऊ एक."

मी त्याकडे दुर्लक्ष केलं. सुधारकांना सगळीकडे हेच ऐकावं लागतं, अशी मी मनाची समजूत घातली.

खरं तर इंदूचं काम सोपं होतं. बायकांची नावं लग्नात बदलतातच, एकाच्या जागी दोन लावली एवढंच. अडचण माझी होती. आमचे हेडक्लार्क सावळारामपंत, कोकणातले, अतिशय सुंदर अक्षराचे आणि त्याहून सुंदर नियमांचे गृहस्थ. मी त्यांना सांगितलं की वैशाखात माझं लग्न आहे आणि नाव बदलायचं आहे.

"वैशाख म्हणजे मे," ते घड्याळाकडे पाहत म्हणाले. "हजेरीचं नवीन पुस्तक उघडतं एक एप्रिलला. एकदा नाव चढलं की पुढच्या मार्चपर्यंत देव आला तरी खोडत नाही. बदलायचं तर आत्ता बदला. सरकारी कागद आणा."

म्हणजे एप्रिलआधी नाव बदललं नाही तर लग्नानंतर जवळजवळ वर्षभर मी नुसता खटावकर राहणार, आणि बायको म्हणणार, बोलला मोठ्या तोंडाने आणि पुढे काही नाही. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं. लग्नाआधी नाव बदलल्याने काही बिघडेल, असं माझ्या डोक्यातही आलं नाही. सावळारामपंतांच्याही आलं नाही, पण त्यांचं लग्न होऊन एकवीस वर्षं झाली होती.

रजा टाकून मी कचेरीत गेलो. कुठली कचेरी ते सांगत नाही, कारण तिथला कारकून भला माणूस होता आणि त्याने जे केलं ते माझ्यावर उपकार म्हणून केलं. चार टेबलं फिरून मी त्याच्यापाशी पोचलो तेव्हा शेवटच्या बसला पंचवीस मिनिटं उरली होती.

"नाव बदलण्याचं कारण?" त्याने टाक दौतीत बुडवून विचारलं.

"लग्न."

त्याने टाक वर धरला आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लग्नाने बाईचं नाव बदलतं."

"हो, पण मी बायकोचं आडनाव जोडून घेतोय."

"का?"

मी त्याला मोशी, भावकी, रेघ सगळं सांगितलं. त्यात दहा मिनिटं गेली. त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "नमुन्यात असं सदर नाही. पुरुषाचं आडनाव बदलतं ते दत्तक गेल्यावर. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत दुसरं कारण आलेलं नाही. तुमचं काम अडायला नको. दत्तक लिहू का?"

बाहेर बसवाल्याने भोंगा वाजवला. "लिहा," मी म्हणालो.

"दत्तक घेणाऱ्याचं नाव?"

"सोपान येळवंडे, मुक्काम मोशी."

"एक प्रत गावच्या तलाठ्याकडे जाईल. माहितीसाठी."

सरकारचा कारभार इतका चोख असल्याचं पाहून मला समाधान वाटलं. मी सही ठोकली आणि पळत बस गाठली.

एक एप्रिलला सावळारामपंतांनी नवीन पुस्तक उघडलं. आमच्याकडे पद्धत अशी की पुस्तकात छापील आकडे असतात. ज्या आकड्यासमोर ज्याचं नाव, त्याचा पितळी बिल्लाही त्याच आकड्याचा. सकाळी फाटकावर बिल्ले टाकायचे, टाइम ऑफिसने आकडे पाहून खुणा करायच्या. नावं वाचायचं कारणच पडत नाही. माझा आकडा एकोणीस. पंतांनी एकोणीससमोर माझं नाव सुरू केलं, आणि रेघेपाशी आल्यावर जागा संपली. वाईट अक्षरात लिहायचं तर त्यांच्या जिवावर आलं असतं, म्हणून त्यांनी उरलेला येळवंडे खालच्या ओळीवर, वीस आकड्यासमोर, वळणदार काढला. मग विसाव्या माणसाचं नाव एकविसाव्यावर गेलं, एकविसाव्याचं बाविसाव्यावर, आणि असं पार शेवटपर्यंत. शेवटच्या माणसाला आकडाच उरला नाही. त्याला पंतांनी समासात घेतलं.

बिल्ले मात्र ज्याचे त्याच्याकडे तेच राहिले.

सहा दिवस सगळं सुरळीत होतं. सातव्या दिवशी हजेरी वाचून दाखवली तेव्हा कारखान्यात आरडाओरडा सुरू झाला. वीस नंबरचा बिरू हा चाकणकडचा गडी, रोज आठ कोस सायकल मारून यायचा, आयुष्यात त्याने खाडा केला नव्हता. त्याच्या नावावर चार खाडे, कारण एकवीस नंबरवाला भावाच्या लग्नाला गेला होता. त्या एकवीस नंबरवाल्याची हजेरी मात्र पूर्ण, आणि वरातीत नाचतानाही तो आमच्याकडे डबे करत होता. येळवंडे नावाच्या इसमाने एक दिवस चुकवला नव्हता.

बिरू टाइम ऑफिसच्या खिडकीत डोकं घालून गरजला, "ओ खटावकर! तुमच्या सासऱ्यापायी माझी हजेरी बुडाली राव!"

मग मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. त्यांनी पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि एकच विचारलं, "तुम्ही एक माणूस आहात का दोन?"

"एक, साहेब."

"मग एकच ओळ."

पण चढलेलं नाव खोडत नाही, हा नियम आडवा आला. शेवटी पंतांनी मला तिथून काढून पुस्तकाच्या शेवटी 'इतर' या पानावर नेलं. त्या पानावर माझ्याआधी एकच नोंद होती, पाण्याचा हौद ओढणाऱ्या बैलाची. मॅट्रिक पास माणसाने बैलाच्या खाली सही करायची म्हणजे काय वाटतं, ते मी इथे लिहीत नाही.

त्याच संध्याकाळी इंदूचं कार्ड आलं. दोनच ओळी होत्या. तलाठ्याने चावडीवर कागद वाचून दाखवला. भावकीने लग्न थांबवलं आहे.

मला काही समजेना. मी कार्ड छबूबाईंना वाचून दाखवलं. त्यांना मोशीची सगळी बातमी आधीच होती.

"दत्तक लिवलंय म्हनं तुमी," त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. "म्हंजे तुमी सोपानाचं पोरगं झाला. आन इंदी सोपानाची पोरगी. भन-भावाचं लगीन कोन लावंल वो?"

तोवर ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. आडनाव घेतलं म्हणजे एक शब्द घेतला, असा माझा हिशेब. पण तिकडे आडनाव म्हणजे भावकी, आणि एका भावकीत सोयरीक होत नाही, हे मलाही जन्मापासून माहीत होतं. माहीत असून मी ते केलं होतं, आणि वर त्याला सरकारी कागदाचा आधार दिला होता.

छबूबाईंनीच मार्ग सांगितला. येळवंड्यांच्यातली एक म्हातारी वारली होती आणि दुसऱ्या दिवशी इंद्रायणीवर तिचा दहावा होता. सगळी भावकी तिथे एका जागी भेटेल. भावकीतले वडीलधारे चिमाआबा, सोपानरावांचे चुलतभाऊ. त्यांना हात जोडायचे, चूक झाली म्हणायचं.

सकाळी सायकल हाणत मी नदीवर पोचलो. काठावर पाच-पन्नास माणसं बसलेली, आणि दोन न्हावी रांगेने डोया करत होते, कारण दहाव्याला भावकी डोई-मिशी उतरवते. चिमाआबा कुठे आहेत असं मी एकाला विचारायला वाकलो. तो नेमका न्हावी निघाला.

"नाव काय पावनं?" त्याने विचारलं.

मला महिनाभर सगळ्या कचेऱ्यांतून पूर्ण नाव सांगायची सवय लागली होती. मी सांगितलं. शेवटचं आडनाव ऐकल्याबरोबर त्याने "बसा की मंग" म्हणत माझा खांदा दाबला आणि डोक्यावर पाणी ओतलं. वस्तरा इतका धारदार होता की हलायची सोय नव्हती. डोकं झालं. मिशीला हात घातला तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटला.

"अहो, मी जावई आहे! होणारा!"

न्हावी थांबला. अर्धी मिशी त्याच्या वस्तऱ्यावर होती. "मंग आता," त्याने शांतपणे विचारलं, "उरल्याली ठिवू का काढू?"

काढली. दुसरं काय करणार!

चिमाआबा लांबून सगळं बघत होते. मी तशा तुळतुळीत अवस्थेत त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिलो. ते म्हणाले, "भावकीतला असशील, तर भनीशी लगीन कसं लावतूस? आन भावकीतला नसशील, तर आमच्या म्हातारीसाठी डोई कशापायी केलीस?"

भोवतीच्या लोकांनी माना डोलावल्या. मी अजूनही कधी कधी अंथरुणात पडल्या पडल्या या प्रश्नाला उत्तर शोधतो. सोपानराव एका बाजूला बसले होते. ते माझ्या डोक्याकडे बघत राहिले आणि मग उठून त्यांनी आपला पटका माझ्या हातात दिला. "ऊन लागंल," म्हणाले.

तो पटका बांधायला मला येईना. काखेत धरून चिंचवडात शिरलो, तर बाजारात समोरून दत्तोबाकाका. लग्नाची याद, म्हणजे देण्याघेण्याची यादी, करायला खटावहून आले होते. त्यांनी माझं डोकं पाहिलं, मिशीची रिकामी जागा पाहिली, हातातली पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून ओरडले,

"वैनी! आरं वैनी गेली रं! आरं, काल निगालो तवा जात्यावर बसली हुती की!"

बाजार थांबला. मी आई ठणठणीत असल्याचं सांगत होतो आणि ते मला पोटाशी धरून रडत होते. भाजीवाल्या बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. शेवटी त्यांना खोलीवर आणून पाणी दिलं आणि सगळी हकिकत सांगितली. आई जिवंत असल्याचं त्यांना पटलं, पण त्यामुळे त्यांना आनंद झाला असं म्हणता येणार नाही.

"सासरच्या म्हातारीसाठी मिशी काढलीस?" ते इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला भीती वाटली. "आयक रंग्या. ते दुसरं नाव पुसून टाक. न्हाईतर खटावचं कुत्रंबी तुझ्या लग्नाला येनार न्हाई."

त्या रात्री मी ठरवलं की बस झालं. कारखान्यात बैलाच्या पानावर बसलो होतो, गावात तोंड दाखवायची सोय नव्हती, आणि लग्न तर थांबलेलंच होतं. एका शब्दासाठी माणसाने किती सोसावं! सकाळी मी पटका कसाबसा गुंडाळला आणि भोसरीच्या शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत इंदू ओट्यावर आली. काय बोलायचं ते मी वाटेत तीनदा पाठ केलं होतं. पण नेमका पटका सुटला आणि चौथीच्या पोरी खिदळल्या.

इंदू हसली नाही. तिने पोरींना आत पिटाळलं आणि पटक्याचं टोक मातीतून उचलून माझ्या हातात दिलं.

"तुम्ही शब्द मागे घ्यायला आलात," ती म्हणाली. "घ्या. मी रागावणार नाही. एवढं तरी कोण करतं! पण मग लग्नही राहू द्या."

मी पटका परत गुंडाळायला लागलो.

"वडिलांना अक्षर येत नाही," ती म्हणाली. "मला शाळेत घालताना त्यांनी अंगठा लावला. चिमाआबा सोबत होते, ते हसले. ते हसणं वडिलांना फार लागलं. मग मी दुसरीत गेल्यावर खळ्यावर बसून कोळशाने त्यांना सही शिकवली. एक सबंध उन्हाळा. सोपान येळवंडे. दोनच शब्द येतात त्यांना. तुमच्यासमोर ते नको नको म्हणतात, पण तुम्ही मोशीहून गेलात त्या दिवशी ते अंगणात बसून काटकीने तीच सही काढत होते. ते नाव त्यांच्याबरोबर संपू नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

मला माझीच लाज वाटली. लाज वाटली आणि त्याच वेळी, हे खरं सांगतो, ही बाई आपल्याला मिळाली नाही तर आपलं कसं होणार असंही वाटलं. सगळं पाठ केलेलं मी विसरलो.

"मी सांगायला आलो होतो," मी म्हणालो, "की मिशी वैशाखापर्यंत येईल."

तेव्हा ती हसली. मग एकदम मास्तरीण होऊन म्हणाली, "तो कागद आहे का जवळ? द्या इकडे."

त्या संध्याकाळी तिने जे केलं ते मला छबूबाईंकडून कळलं. ती कागद घेऊन थेट चिमाआबांच्या ओसरीवर गेली आणि म्हणाली, "आबा, हा कागद खरा धरायचा का खोटा, ते तुम्ही सांगा. खरा धरला तर ते माझे भाऊ. लग्न मोडलं, मी गप बसेन. पण दत्तक मुलगा म्हणजे आमची नदीकाठची सगळी जमीन त्यांची. खोटा धरला तर ते जावई. जावयाला धोतर आणि टोपी."

सोपानरावांना मुलगा नसल्याने ती जमीन पुढे आपल्या पोरांकडे येणार, असं चिमाआबा गेली वीस वर्षं धरून चालले होते. म्हणे त्यांनी हातातला तंबाखू खाली ठेवला.

"समदी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठ्याच्या आधी चिमाआबा चावडीवर हजर. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने जबाब दिला की मोशीत कसलंही दत्तक झालेलं नाही, सदर इसम हा जावई आहे, आणि मिशी त्याने स्वखुशीने दिली. तलाठ्याने विचारलं, मग आडनावाचं काय? आबा म्हणाले, "लावंना का! आमचं लावू द्या, गावाचं लावू द्या. नावाला काय नांगर लागतोय? वावरात पाय ठिवायचा न्हाई, म्हंजे झालं."

लग्न ठरलं. दत्तोबाकाकाही शेवटी यायला तयार झाले, पण एका अटीवर. आमच्याकडे लग्न लागल्यावर नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नाव लिहितो. "कागदावर काय लिवायचं ते लिव," काका म्हणाले, "पन देवाबामनाम्होरं तांदळात खटावकरच." मी नाही म्हणायला हवं होतं. मी "बघू" म्हणालो. सोपानरावांनीही मला बाजूला घेऊन तेच सांगितलं होतं, "नगं पावनं, लई झालं. लोक हसत्यात."

वैशाखात मोशीला मांडव पडला. मिशी आली होती, पण जवळून पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. मंगलाष्टकं झाली, भटजींनी तांदळाचं ताट पुढे सरकवलं. खटावची मंडळी एका बाजूला, येळवंड्यांची भावकी दुसऱ्या बाजूला, सगळ्यांना भूक लागलेली. मी अंगठी धरली. काकांकडे पाहिलं नाही. इंदूच्या हाताकडे पाहिलं आणि लिहायला लागलो. नवरीचं नाव इंदूच ठेवलं. इंदू रंगराव खटावकर. पुढे रेघ काढली, आणि अंगठी ताटाच्या काठाला लागली.

ताट संपलं होतं.

काका पुढे वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला. "मावत न्हाई," ते मोठ्याने म्हणाले. "देवाच्याच मनात न्हाई. चला, उचला ताट!"

खटावची मंडळी हसली. चिमाआबाही हसले. इंदू त्या रेघेकडे पाहत राहिली. मी अंगठी धरून तसाच बसलो होतो.

तेवढ्यात सोपानराव उठले आणि मांडवातून निघून गेले. लोकांना वाटलं, रडायला गेले, मुलीचा बाप आहे. मागच्या बाजूला चुलाणांपाशी आचारी कुणावर तरी ओरडायला लागला. मग सोपानराव आले ते दोन्ही हातांनी परात धरून. ती पंगतीच्या भाताची परात होती, अख्खी पंगत एकटीने वाढेल एवढी. आतला भात त्यांनी पळसाच्या पानांवर उपसायला लावला होता आणि परात पुसून तीत दोन पायल्या कोरे तांदूळ सोडले होते. ती त्यांनी माझ्यासमोर आदळली.

"मावत न्हाई म्हंजे काय?" ते म्हणाले. "लिवा."

मी लिहिलं. पहिल्यापासून सगळं नाव, रेघेसकट, मोठ्या अक्षरात. काकांनी मान फिरवली. लिहून झाल्यावर सोपानराव परातीशी गुडघे टेकून बसले. त्यांनी बोट पुढे केलं तसे भटजी ओरडले, "अहो, पुसेल!" मग त्यांनी बोट तांदळाच्या वर धरलं आणि इंदूवरून, रंगरावावरून, खटावकरावरून काही न कळता पुढे नेलं. रेघेच्या पलीकडे ते थांबलं.

"ह्ये मपलं," ते म्हणाले. आणि एकेक अक्षरावर बोट नेत त्यांनी मोठ्याने वाचलं, "ये-ळ-वं-डे."

मांडवात कुणी हसलं नाही. इंदू रडत होती. मीही रडत होतो, पण मी नवरदेव असल्याने धूर डोळ्यांत गेल्याचं दाखवलं.

थोड्या वेळाने चिमाआबा मागून म्हणाले, "सोपाना, वाचून झालं आसंल तर परात सोड. भात निवतोय तिकडं."

"थांब की," सोपानराव मान वर न करता म्हणाले. "आजून एकदा वाचतो."

त्या दिवशी पंगत पाऊण तास उशिरा बसली, आणि खटावच्या मंडळींना भात गार मिळाला.